खाड्यांची वही आणि गेटची वही: वसतिगृहातल्या एका मुलाचं प्रकरण

वसतिगृहात मुलांना नावानं फारशी कोणी हाक मारत नाही. अहमदपूर, पाचोरा, चिपळूण, वणी अशी गावंच पॅसेजमधून ये-जा करत असतात. या प्रकरणातल्या मुलाला सगळे ‘आटपाडी’ म्हणायचे, मीही इथे तेच म्हणणार आहे. लिहायला त्याची परवानगी आहे. मजकूर त्यानं वाचला आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक किरकोळ होती. दुसरीवर मी दोन दिवस अडकून होतो. ती तिच्या जागी येईलच.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि गेली सात वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. रेक्टरचं काम म्हणजे नळ, ढेकूण, मेसचं बिल, रात्रीची हजेरी आणि दिवाळीच्या सुट्टीत मागे कोण राहणार याची यादी. मुलगा इथे रमला की नाही, असा रकाना आमच्या कुठल्याच रजिस्टरला नाही. तरी ते कळतं, पण भलत्याच रकान्यातून.

उशिरा आलेला मुलगा

आटपाडी २०२३ च्या सप्टेंबरात आला. दहावीनंतर डिप्लोमा केलेली मुलं इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात येतात, त्यांना कॉलेजात ‘डीएसई’ म्हणतात, म्हणजे डायरेक्ट सेकंड इयर. त्यांच्या कॅप राऊंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, उरकेपर्यंत आमचे वर्ग सुरू होऊन महिना झालेला असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेनं, २०१७ पासून तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम घालून दिलाय, २०१९ मध्ये यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, तसाच ‘दीक्षारंभ’ आला. त्यात ओळखी, खेळ, कॅम्पसची फेरी, सगळं असतं. डीएसईच्या मुलाला यातलं काही नाही. त्याला आयकार्ड मिळतं, आणि लायब्ररी कुठे आहे ते विचारत विचारत सापडतं.

रॅगिंगविरोधी नियम २००९ चे आहेत. नव्या मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गट एकेका शिक्षकाकडे सोपवा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे असे गट होतातही. यादी ऑगस्टमध्ये टाइप होते, त्यावर सही होते, ती फायलीला लागते. सप्टेंबरात आलेली मुलं त्या यादीत नसतात, कारण यादी ऑगस्टची असते. हे इतकं उघड होतं, आणि सात वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अभ्यासाचंही तसंच. पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू, म्हणजे गणिताचे पहिले दोन पेपर, या मुलांनी केलेले नसतात. डिप्लोमाच्या गणितावरून थेट एम-थ्रीमध्ये, त्यातल्या ‘लाप्लास ट्रान्सफॉर्म’ या अवघड धड्याच्या पुढ्यात. वर्गात सरांनी ‘हे तुम्ही मागच्या वर्षी केलंच आहे’ म्हटलं की ही मुलं वहीत काहीतरी लिहीत राहतात.

खोल्याही उरलेल्याच मिळतात. आटपाडीला १०७ मिळाली. तळमजला, जिन्याला लागून, संडासाकडच्या भिंतीला ओल. दोघे रूममेट जवळच्या गावांतले, स्वभावानं चांगले. शुक्रवारी संध्याकाळी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरी जायचे ते सोमवारी सकाळी पराठ्यांचे डबे घेऊन उगवायचे.

मुलाच्या घरचं थोडं सांगायला हवं. आटपाडी, खानापूर, विटा या पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरलेली आहेत. कुठल्याही राज्यातल्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात भट्टी दिसली की तिथे माणदेशी मराठी ऐकू येण्याची शक्यता मोठी. याचे वडील तामिळनाडूत अशाच एका दुकानात कामाला. आई त्यांच्याबरोबर. मुलगा आजीजवळ वाढला, डिप्लोमा एसटीनं रोज जाऊन-येऊन केला. म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत आजीच्या घराबाहेर सलग चार रात्रीही राहिला नव्हता. हे त्याच्या प्रवेश अर्जात कुठेही नव्हतं. अर्जात उत्पन्नाचा दाखला होता, डोमिसाईल होतं, रक्तगट होता.

दोन वह्या

मेसमध्ये जेवलेल्यांना ‘खाडा’ सांगायला नको. बाकीच्यांसाठी: मुलगा गावी जाणार असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत मेसमध्ये चिठ्ठी द्यायची, तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात. आमच्याकडे सलग तीन दिवसांच्या खाली खाडा धरत नाहीत. तेव्हा दिवसाला ८० रुपये कमी व्हायचे. पूर्ण दिवसाचा दर जास्त, पण गॅस आणि पगार चालूच असतात म्हणून सगळे पैसे परत मिळत नाहीत. खाड्यांची वही मेस सेक्रेटरीकडे असते. गेटची वही वॉचमनकाकांकडे: नाव, खोली, बाहेर गेल्याची वेळ, कुठे, परत आल्याची वेळ. दोन्ही वह्या वर्षानुवर्षं इमानेइतबारे भरल्या जातात. शेजारी शेजारी ठेवून त्या कधी कोणी वाचल्या नव्हत्या, मी तर नाहीच.

फेब्रुवारीत मेसच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या, “सर, त्यो आटपाडीचा पोरगा रविवारची फीस्ट कधी खात न्हाई. गावाला जातो म्हणून चिठ्ठी देतो. पर रविवारी सकाळी कूलरवर बाटली भरताना मला दोनदा दिसला.”

मी म्हटलं, कधीपासून?

“दिवाळीपासनं. मला वाटलं तुम्हाला म्हाईत आसंल.”

त्या रात्री दोन्ही वह्या घेऊन बसलो. दिवाळीनंतर त्याच्या नऊ चिठ्ठ्या होत्या, सगळ्या शुक्रवार ते रविवार. गेटच्या वहीत तो गावी गेल्याची नोंद दोनदा. उरलेल्या सात वेळा, म्हणजे एकवीस दिवस, मुलगा आवारातच होता आणि मेसच्या हिशेबानं गावाला होता.

खरं तर पहिल्या सत्राचा निकाल आधीच लागला होता. एम-थ्री आणि आणखी एक विषय गेलेला. त्यावरून मला काही वाटलं नव्हतं. एम-थ्रीत नापास होणं ही आमच्याकडे बातमी नाही. फीस्ट, म्हणजे रविवारचं खास जेवण, सोडणं ही बातमी आहे, हे मावशींना कळलं होतं.

थोडं विषयांतर करतो. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. जेवणारा कुठल्या जातीचा, यावर ती घरं उघडत नि मिटत. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली ती उगीच नाही. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली, आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. पण वारात काय किंवा बोर्डिंगात काय, मुलगा ताटावर आला नाही तर विचारणारं कोणीतरी माणूस होतं. गुरुवारी वाढलेलं ताट तसंच राहिलं तर गुरुवारच्या घरातली बाई चौकशी करायची. आमच्याकडे ताट राहिलं की ८० रुपये वजा होतात. इतकंच होतं.

१०७

पुढच्याच शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला मी १०७ चं दार वाजवलं. मेसमधून ताटांचा आवाज येत होता. दार उघडायला वेळ लागला.

कॉटखालची ट्रंक बाहेर ओढलेली होती. तिच्या झाकणावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर कडक भाकरीचे तुकडे. सोलापूर-आटपाडीकडची ती पापडासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली ज्वारीची भाकरी, महिनाभरही टिकते. एका स्टीलच्या डब्यात शेंगांची चटणी. पाण्याच्या पेल्यात अर्धी भाकरी भिजत घातलेली, अर्धवट वर आलेली. मी पहिल्या खर्ड्यात चटणी ‘कागदात बांधलेली’ असं लिहिलं होतं. डब्यात होती, आजीनं दिलेल्या डब्यात, ही त्याची पहिली दुरुस्ती.

“जेवलास का?”

“हो सर.”

“गावाला जाणार होतास ना?”

तो काही बोलला नाही. कागद गोळा करायला लागला, चुरा बाजूला घेत, एक कण खाली पडू न देता.

मग मी विचारलं, “पैशाची अडचण आहे का?”

तो म्हणाला, “हो सर.”

आणि मला सुटल्यासारखं झालं. पैशाची अडचण म्हणजे कळणारी गोष्ट. महिन्याचे बारा खाडे, ९६० रुपये. एवढ्यासाठी मुलगा महिन्यातले बारा दिवस भाकरी पाण्यात भिजवून खातोय. माझ्या डोक्यात शिष्यवृत्तीचे क्लार्क, माजी विद्यार्थ्यांचा निधी, सगळं भराभर जुळायला लागलं.

त्याची दुसरी दुरुस्ती इथली आहे. मजकूर वाचून तो म्हणाला, “सर, पैशाची अडचण होती, ते खोटं नाही. पण तुम्ही तेच विचारलंत म्हणून मी तेच उत्तर दिलं. दुसरं काय विचारलं असतंत तर काय सांगितलं असतं, मला पण माहीत नाही.”

एक गोष्ट मात्र त्या दुपारी नीट झाली, आणि तीही मला शिकवलेली होती म्हणून. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा समुपदेशक बाई येतात. त्यांनी रेक्टर लोकांना बजावून सांगितलं होतं की शंका आली तर आडवळणानं जाऊ नका, सरळ विचारा. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. मी विचारलं, जीव नकोसा वाटतो का, स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का. तो दचकला. म्हणाला, “तसं नाही सर. पण गावाला जायला तोंड नाही.” मग म्हणाला, “भूक पहिले दोन शुक्रवार लागली. नंतर लागत नव्हती.”

हे वाक्य मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी रविवार असूनही येऊन त्याला भेटायचं ठरवलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हापासून आमच्या नोटीस बोर्डावर आहे. तो मी एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ दिला आणि त्या रात्री शेजारच्या खोलीतल्या एका शहाण्या मुलाला १०७ मध्ये झोपायला पाठवलं.

फोन

त्याच संध्याकाळी मी त्याच्या वडिलांना फोन केला. मुलाला न विचारता.

तेव्हा ते मला कर्तव्य वाटलं. पालकांना कळवायला नको का? आज माझं मत असं की जिवाला धोका दिसत असेल तर त्या मिनिटाला कळवावं, मुलगा नाही म्हणाला तरी. पण तसं नसेल तर आधी मुलाला सांगावं, ‘मी फोन करणार आहे, तू आधी बोलतोस का?’ मी तेवढंही केलं नाही.

वडील तिसऱ्या दिवशी सकाळी आले. दोन गाड्या बदलून, रात्र एका स्टेशनवर काढून. ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. मी आत या म्हणालो तरी दोन पावलंच पुढे आले. पहिलं वाक्य: “पोरानं काय केलंया का सर?”

खिशात वीस हजार रुपये होते, दुकानमालकाकडून घेतलेली उचल. त्यांनी ते टेबलावर ठेवले. मी परत घ्यायला लावले, पण उचल ती उचल; ती पगारातून कापली जाणारच होती. मुलगा आला तेव्हा बापलेक एकमेकांकडे न बघता शेजारी उभे राहिले. आटपाडी त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. समोरून आला तर ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणून बाजूनं जायचा. इतकं स्वच्छ इंग्रजी तो एरवी बोलत नाही.

पैसे मिळाले, खाडे थांबले नाहीत

पैशाचं कोडं सुटलं, आणि ते सुटणं एका क्लार्कचं श्रेय आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा भत्ता महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, ‘जमा’ दिसत होता, पासबुकात नव्हता. मुलगा पोर्टलवर तक्रारी करून थकलेला. क्लार्कनं एकच विचारलं, “सिमकार्ड घेताना आधार दिलं होतंस का? मशीनवर बोट टेकवलं होतंस?”

ही गोष्ट प्रत्येक रेक्टरला माहीत असायला हवी. सरकारी भत्ता मुलानं अर्जात लिहिलेल्या खात्यावर जाईलच असं नाही. आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं, त्यात तो जातो. आणि ते खातं कधीकधी मुलाला माहीतच नसतं, कुठल्यातरी दुकानात अंगठा लावताना उघडलेलं असतं. कुठल्या बँकेशी आधार जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं; ओटीपी येईल तो मोबाइल हातात हवा, एवढंच. आटपाडीचे पैसे अशाच एका खात्यात आठ महिने पडून होते. पाच-सहा महिन्यांचं मेसचं बिल भागेल इतके.

क्लार्कनं त्याला बँकेत नेऊन जोडणी बदलून आणली. मी खूश होतो. प्रकरण मिटलं असं मी मेस कमिटीच्या बैठकीत सांगूनही टाकलं.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी खाड्यांच्या वहीत त्याची चिठ्ठी होती. शुक्र, शनि, रवि.

खरं सांगायचं तर मला राग आला. एवढं सगळं केल्यावर! वही घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, “का करतो ते विचारू नका. तुम्ही ‘का’ विचारलंत की त्याला कारण द्यावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते नऊ काय काय होतं, तेवढं सांगायला सांगा. क्रमानं.”

तेव्हा माझ्याशी तो बोलत नव्हता, म्हणून बाईंनीच विचारलं. त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच परवानगीनं मला नंतर कळलं, ते असं.

सहाला रूममेट पिशव्या भरतात. साडेसहाला जातात. तळमजल्याची अर्धी विंग रिकामी होते, पॅसेजमधले लाइट तेवढे जळत राहतात. आठला मेसची घंटा. ताट घेऊन उभं राहिलं की समोर टेबलं. आठ-आठ जणांची टेबलं पहिल्या वर्षातच ठरून गेलेली असतात. तिसऱ्या खिडकीजवळचं नगरवाल्यांचं, पाण्याजवळचं क्रिकेटवाल्यांचं, कोपऱ्यातलं रात्रभर जागणाऱ्यांचं. सोमवार ते गुरुवार तो रूममेटबरोबर बसायचा. शुक्रवारी त्याला टेबल नव्हतं.

“ताट घेऊन उभं राहिलं की वाटायचं सगळे बघतायत,” तो म्हणाला. “कोणी बघत नव्हतं, ते आता कळतं. पण एकदा मी ताट तसंच परत ठेवून निघून आलो. मग खाडाच टाकायला लागलो. पैसे वाचतात, असं मनाला सांगता यायचं.”

म्हणजे ९६० रुपये हे कारण नव्हतं, ते निमित्त होतं. आणि इतकं सभ्य निमित्त की त्यामागे तो स्वतःही लपू शकत होता आणि मीही.

काय केलं, काय करू दिलं नाही

मेस कमिटीचा पहिला ठराव असा होता: खाडा हवा असेल तर गेटच्या वहीतली नोंद दाखवा, नाहीतर पैसे वजा होणार नाहीत. कमिटीची मुलं चांगली होती, त्यांना हिशेब दिसत होता. मी तो ठराव होऊ दिला नाही. कारण त्यानं फक्त लपायची एक जागा बंद झाली असती. असला मुलगा मग पूर्ण बिल भरून उपाशी राहिला असता, आणि आमच्या दोन्ही वह्यांना त्याचा पत्ता लागला नसता. त्याऐवजी ठरलं ते एवढंच की दर सोमवारी मेस सेक्रेटरीनं दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या आणि न जुळणारी नावं मला तोंडी सांगायची. कागदावर काही नाही, दंड नाही, नोटीस नाही.

‘कमवा व शिका’मध्ये मेसचा हिशेब लिहायचं काम मी आटपाडीला देऊ केलं. मला वाटलं, किती छान जमेल. त्यानं नकार दिला. ज्या हॉलमध्ये ताट घेऊन उभं राहायला संकोच वाटतो, तिथेच वही घेऊन बसायला सांगत होतो मी! तो लायब्ररीत पुस्तकांना शिक्के मारायला लागला. तिथे त्याला बरं वाटायचं.

खरा फरक कशानं पडला, ते मी ठरवून केलेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षाला दोन मुलं होती, दोघेही डीएसईचे, दोघेही एम-थ्रीत एकेकदा आपटून उठलेले. त्यांना मी फेरपरीक्षेसाठी बाकीच्यांना शिकवाल का म्हणून विचारलं. ते हो म्हणाले, पण वर्ग शुक्रवारी रात्रीच जमेल म्हणाले, आणि वर्गखोल्यांना तेव्हा कुलूप. मग मेस हॉल. साडेआठला जेवणं उरकत आली की दोन टेबलं जोडायची, मागच्या भिंतीवर फळा टेकवायचा. अकरा मुलं यायची, बहुतेक डीएसईचीच. साडेआठला तिथे यायचंच म्हटल्यावर मुलं आठला जेवायलाही तिथेच, त्याच जोडलेल्या टेबलांवर बसायला लागली. महिन्याभरात मेसमध्ये त्या टेबलाला ‘लाप्लास’ हे नाव पडलं. आटपाडीला टेबल मिळालं ते असं.

तिसऱ्या शुक्रवारी मावशींनी मला खूण केली. तो भात दुसऱ्यांदा घेत होता.

रविवारची रात्र राहिली होती. त्या रात्री मेस बंद; पैसेवाले बाहेर जातात, उरलेले बिस्किटं खातात. मागे राहणाऱ्या मुलांनी मेसच्या स्वयंपाकघरात पिठलं-भात करायचं ठरवलं, माणशी २० रुपये काढून. यावर मेसच्या ठेकेदाराशी माझं जे भांडण झालं ते इथे सगळं लिहीत नाही. सिलिंडर कोणाचा, भांडी कोण घासणार, तेल सांडून कोणी भाजलं तर जबाबदार कोण. त्याचा शेवटचा मुद्दा बरोबर होता, म्हणून एक मोठं माणूस हजर असण्याची अट घातली, आणि ते मोठं माणूस बहुतेक रविवारी मी असतो. पिठल्यात गुठळ्या होतात. आटपाडीनं पहिल्याच महिन्यात ट्रंकेतली कडक भाकरी आणि आजीचा डबा टेबलावर आणून ठेवला. डबा दहा मिनिटांत रिकामा झाला. नाशिकच्या एका मुलानं ती भाकरी म्हणजे पापड आहे असं समजून भाजायला घेतली होती.

खोल्यांचा प्रश्न

पुढच्या वर्षी मी वाटपाची पद्धत बदलली. डीएसईच्या मुलांना उरलेल्या खोल्या द्यायच्या नाहीत. चौदा खोल्यांत एकेक कॉट सप्टेंबरपर्यंत मोकळी ठेवायची, आणि त्या खोल्यांत दर आठवड्याला घरी न जाणारा निदान एक मुलगा असेल असं बघायचं.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये प्रतीक्षा यादीतल्या पालकांना चौदा रिकाम्या कॉट दिसत होत्या. एकानं फोटो काढून प्राचार्यांना पाठवला. एकाचा फोन पुढाऱ्यामार्फत आला. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला, आणि मला पहिल्यांदा हे प्रकरण, नाव वगळून, कागदावर मांडावं लागलं. या लेखाचा पहिला खर्डा तोच. कॉट दीड महिना मोकळ्या राहिल्यानं वसतिगृहाचं उत्पन्न थोडं बुडलं आणि बाहेर महागात राहणाऱ्या काही मुलांवर अन्यायही झाला, हे मी खुलाशात लिहिलं. दोन्ही बाजूंनी योग्य असं वाटप अजून मला सापडलेलं नाही. समुपदेशनाची खोली मात्र विनावाद हलली. ती परीक्षा विभागाच्या शेजारी होती, तिथे शिरणारा मुलगा अख्ख्या रांगेला दिसायचा. आता ती टेबल टेनिसच्या हॉलला लागून आहे.

एवढं करून त्या वर्षी ऑक्टोबरात डीएसईचाच एक मुलगा वसतिगृह सोडून शहरात कॉट बेसिसवर राहायला गेला. त्याचे खाडे नव्हते, गेटची वही चोख होती, लाप्लासच्या टेबलावरही तो दोनदा बसला होता. सामान नेताना त्यानं मला नमस्कार केला. विचारलं तर म्हणाला, तिथून क्लास जवळ पडतो सर. असेलही.

आटपाडी आता शेवटच्या वर्षाला आहे. एम-थ्री दुसऱ्या फेरीत सुटलं. कॅम्पसला आलेल्या दोन कंपन्यांत गटचर्चेतून बाहेर पडला, तिसरीची वाट बघतोय. शुक्रवारचा वर्ग या वर्षी तो घेतो. खाडे अधूनमधून टाकतो, आणि गेटच्या वहीत समोर ‘आटपाडी’ असतं.

हे सगळं मी मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमना उत्साहानं सांगितलं, दोन वह्यांची युक्ती तुमच्याकडेही करून बघा म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “सर, आमच्याकडे खाडा टाकला की घरी फोन जातो, गेटवर सही लागते. आमच्या दोन्ही वह्या कायम जुळतात. उपाशी राहणारी मुलगी आमच्याकडे रोज ताटावर हजर असते, अर्धी पोळी चिवडत बसते. आम्हाला ते उष्ट्याच्या बादलीत बघावं लागतं.”